टाकी दाखवणारं गाव

गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांना घातपाताचा धोका आहे, असं सरकारच्या मनात आलं आणि डोंगरातल्या आंबेखोलच्या वाट्याला सुरक्षा सल्लागार आले, रणदिवे साहेब. सल्ला द्यायच्या आधी त्यांनी ग्रामसभेत टेबलावर मूठ आपटली.

"काल मी साध्या कपड्यांत येऊन गेलो. 'टाकी कुठंय?' एवढंच विचारलं. कुणी हटकलं नाही! उलट या तात्यांनी मला टाकीपर्यंत नेलं, वर चहा पाजला. मी झाकण उचलून आत पुडी टाकली. पिठाची होती म्हणून वाचलात. विषाची असती तर सगळं गाव आडवं झालं असतं!"

सभेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. घाबरली, असं साहेबांना वाटलं.

सरपंच हौसाबाई ढेबे उठल्या. "साहेब, पुडी पाण्यात पडल्याचा आवाज आला का हो?"

साहेब आठवू लागले.

"येणार कुठून? ती जुनी टाकी. गळायला लागली तेव्हापासून कोरडीच आहे. अनोळखी माणसानं टाकी विचारली की आम्ही तीच दाखवतो. आणि चहाला बसवतो, म्हणजे चेहरा नीट बघून होतो."

सभेत खसखस पिकली. साहेबांनी घाम पुसला आणि आवाज चढवला, "मग खरी टाकी कुठंय? मला आत्ताच्या आत्ता बघायचीय!"

"बघा की," हौसाबाई म्हणाल्या आणि तात्यांकडे वळल्या. "तात्या, साहेबांना टाकी दाखवून आणा. आणि हो, चहा पाजायला विसरू नका."