जप्तीनंतरची तारीख

लाख वाती वळायचं व्रत मी एका चातुर्मासात घेतलं होतं. वळताना बोलायचं नाही, हा नेम माझा मीच घालून घेतलेला. म्हणून त्या दुपारी बैठकीत कापूस घेऊन बसले होते, आणि सगळं नुसतं ऐकलं.

"पण सर, घड्याळ आठवडाभर मागं घेतलं तर कळणार कोणाला?"

विचारणारे फौजदार बाविस्कर. आमचे हे पोलिसांना जप्त संगणकांची तपासणी शिकवायचे, आणि बाविस्कर त्यांच्या वर्गात पहिले आलेले. ते पहिलेपण अजून त्यांच्या चालण्यात दिसायचं.

"आधी काय केलंत ते सांगा," हे म्हणाले.

"एका नर्सला धमकीची पत्रं येत होती. चार महिने ती एकटी घराबाहेर पडलेली नाही. संशयिताच्या घरून संगणक जप्त करून आणला. म्हटलं, बघू तरी आत काय आहे."

"चालू केलात?"

"... हो."

"डिस्कची नक्कल न काढता? मूळ मशीनच?"

"पत्र सापडलं ना, सर. शब्दन् शब्द तेच. पण बंद करताना चुकून सेव्ह झालं. आता त्या पत्रावर कालची तारीख आहे. संगणक आमच्या कपाटात असतानाची."

"म्हणजे वकील म्हणणार, पत्र पोलिसांनीच लिहिलं."

"म्हणून तर आलो. संगणकाचं घड्याळ मागं घेऊन पुन्हा सेव्ह केलं की जुनी तारीख पडेल. वहिनी, तुम्ही तरी सांगा सरांना."

मी वात वळत राहिले.

"ती बोलायची नाही, व्रत आहे तिचं," हे म्हणाले. "हात न लावण्याचं एक व्रत तुम्हालाही दिलं होतं मी वर्गात."

बाविस्कर हसले नाहीत.

"संगणकाचं बटण किती वाजता दाबलंत?"

"काल चारला."

ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. काटे मागं फिरवत बरोबर चारवर आणले, आणि घड्याळ बाविस्करांच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. चार वाजले. आता बटण दाबू नका."

बाविस्करांनी घड्याळ ह्यांच्यापुढे परत ठेवलं. मग हळूच म्हणाले,

"खरं लिहून दिलं तर केस पडेल?"

"पडेलही. आता नक्कल काढा, पत्र जप्तीआधीचं असल्याच्या दुसऱ्या खुणा शोधा. मिळाल्या तर उभी राहील."

"आणि नाही मिळाल्या तर? त्या नर्सला काय तोंड दाखवू?"

ह्यांनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"माझ्या हातून एक केस अशीच पडली होती. मी सगळं लिहून दिलं. मग ज्या बाईंची तक्रार होती, त्यांच्या घरी जाऊन तेच सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"दार लावून घेतलं."

बाविस्करांनी पेनचं टोपण काढलं. वर तारीख घातली, आणि मान वर केली.

"मग?"

"दोन वर्षांनी त्यांच्या मुलीला कोणी त्रास द्यायला लागलं. तेव्हा मुलीला घेऊन त्या माझ्याकडेच आल्या... लिहा, बाविस्कर. आणि तुम्हीही जाऊन सांगा."