एकुलती कळी

फार जुनी गोष्ट. तेव्हाही झाडं बोलायची आणि माणसं ऐकायची नाहीत.

माघ सरत आला होता. सगळी बाग फुलली होती, पण केरू माळ्याच्या गुलाबाला चैन नव्हती. रविवारी फुलांचं प्रदर्शन होतं. फूल टपोरं यावं म्हणून केरूनं सहा कळ्या खुडून एकच ठेवली होती, आणि शुक्रवार उजाडला तरी ती मिटलेलीच.

"उमल की गं बये! माझी अब्रू जाईल," गुलाब तिच्या मागे लागला.

"सात जणींचं पाणी एकटी पितेय. पोट गच्च झालंय. सोमवारपर्यंत दम धर," कळी म्हणाली.

"सोमवारी काय, गुरांना दाखवायची तुला?"

शेजारचा झेंडू हसला. "मी बरा बाबा. मला कुणी बोलावलंच नाही."

केरूची तगमग तर त्याहून वाईट. दिवसातून दहादा येऊन तो कळीवर फुंकर घालायचा. शनिवारी मात्र त्यानं बोटानं पाकळ्या सोडवायलाच घेतल्या.

"अहो, तान्ह्या पोराचे डोळे असे उघडतं का कुणी?" त्याची बायको ठकूबाई ओरडली. "राहू द्या तिला!"

कळी कळवळली. पण गुलाबच तिला म्हणाला, "सोस थोडं. पहिला नंबर येईल."

रविवारी परीक्षकानं फूल हातात घेतलं आणि सगळ्या पाकळ्या त्याच्या पायांवर गळून पडल्या.

महिन्याभरानं कापलेल्या फांदीला नवा कोंब आला, कोंबावर इवलीशी कळी. केरू लगबगीनं आला आणि त्यानं बोट पुढे केलं. गुलाबानं काटा पुढे केला.