अंड्यांवर बसलेला कोंबडा

फार मागची गोष्ट. चंद्राक्कांच्या अंगणात तुरेवाला नावाचा कोंबडा होता. एकदा घरी पाहुणे आले आणि चंद्राक्का पाट्यावर मसाला वाटू लागल्या. ते पाहून कोंबड्याने ओळखलं, आज आपली पाळी. कवडी कोंबडी नुकतीच अंड्यांवरून उठून पाणी प्यायला गेली होती. तुरेवाला खुराड्यात शिरला आणि तिच्या जागी बसला.

चंद्राक्कांनी खुराड्यात हात घातला आणि तसाच मागे घेतला. "उबवायला बसलेल्याला कसं कापू?" त्या पुटपुटल्या. पाहुण्यांनी मुकाट्याने वांग्याचं कालवण खाल्लं.

ते गेल्यावर बाहेर ताटकळलेली कवडी म्हणाली, "ऊठ आता. वाचलास."

तुरेवाला हलला नाही. "हळू बोल," तो कुजबुजला. "खालून कुणीतरी टोचतंय. आत्ता उठलो तर गारठेल ना ते."