चोपदाराचे स्टूल

एका संस्थानात बाळोजी नावाचा चोपदार होता. दरबाराच्या दारात उभे राहायचे आणि येईल त्याच्या नावाची ललकारी द्यायची, हे त्याचे काम. तीस वर्षे तो उभा होता. रिवाजच तसा होता, आणि रिवाज घालणारे सगळे बसलेले होते.

पुढे बाळोजीच्या पायांत रक्त साकळू लागले. पाय सुजले, काळेनिळे पडले. डाव्या घोट्यावर जखम झाली, ती भरेना.

संस्थानच्या दवाखान्यात चेन नावाचे चिनी वैद्य होते आणि विलायतेत शिकलेल्या आग्नेसबाई नर्स होत्या. वैद्यांनी पाय शेकायला गरम काढा आणला. बाईंनी त्यात आपले कोपर बुडवून पाहिले.

"वैद्यबुवा, पाय बधिर आहेत. भाजले तरी याला कळायचे नाही."

"खरे आहे," म्हणत वैद्यांनी काढा कोमट केला. शेकून झाल्यावर त्यांनी सुया टोचल्या; बाईंनी जखम धुऊन पट्टी बांधली. अर्ध्या तासात दोघांचे एकमत झाले. उपचार दोघांचे चालतील, पण याला पाय वर घेऊन बसू द्या. त्यांनी दरबाराकडे एक स्टूल मागितले.

"चोपदार बसणार?" दिवाणजी ओरडले. "मग आम्ही बसलोय हे लोकांना कळायचे कसे?"

राजेसाहेबांनी स्टूल बाजूला ठेवून मोठा प्रश्न हाती घेतला: चिनी विद्या श्रेष्ठ की विलायती? सभा भरली. निम्म्या पंडितांनी सुई न पाहता सुईची बाजू घेतली, निम्म्यांनी पट्टी न पाहता पट्टीची. वैद्यांना आणि बाईंना कोणी विचारले नाही. त्यांना फक्त काम येत होते. सभा अकरा दिवस चालली. एकेका पंडिताची ललकारी द्यायला बाळोजी अकरा दिवस उभा होता. सकाळी दोघे मिळून जी सूज उतरवत, ती पंडित संध्याकाळपर्यंत पुन्हा चढवत.

बाराव्या दिवशी ठराव झाला: दोन्ही विद्यांचा संगम करावा. टाळ्या पडल्या. ठराव पुकारायला बाळोजीला हाक मारली, तर तो दारातच कोसळलेला. जखम सडली होती. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"अरेरे," राजेसाहेब हळहळले. "संगमाला उशीर झाला."

"संगम पहिल्याच दिवशी झाला होता, महाराज," आग्नेसबाई म्हणाल्या. "स्टूल आले नाही."

"एक पाय उरलाय," चेन वैद्य म्हणाले. "आता तरी द्या."

दिवाणजींनी पानाचा विडा तोंडात सारला. "पुढच्या सभेत घेऊ."

तात्पर्य: काम करणाऱ्यांचे लवकर पटते. भांडतात ते बसलेले, आणि पाय जातो उभ्याचा.