सभापतींचे हार कोणी धरले?

तिन्हीसांजेला घाटाच्या वळणावर ट्रकनं उडवल्यापासून दूध घालणारा बबन शेडगे अंथरुणातच होता. म्हणून मोटारसायकलवरून दूध घालणाऱ्यांनी सभापती विश्वासराव धुमाळांकडे अंधारात चमकणारी जॅकेटं मागितली.

विश्वासरावांनी निकाल दिला तो आपल्याच सत्कारात. आधी हार झाले. प्रत्येक हार गळ्यात पडला की लगेच काढून ते शेजारी उभ्या माणसाकडे देत. मग माइक हातात घेऊन म्हणाले, "जॅकेटं कशाला? मी आयुष्यभर गाडी चालवतोय. डोळे उघडे ठेवले की माणूस दिसतोच." मंडपात टाळ्या पडल्या.

"साहेब, आज तुम्हाला शाल कोणी घातली?" स्टेजवरूनच एका बाईनं विचारलं.

"पिवळ्या फेट्यातल्या सरपंचांनी."

"आणि काढलेले हार कोणी धरले?"

"असेल कोणी कार्यकर्ता."

"मीच की. बबनची बहीण, सरूबाई. मीही मोटारसायकलवरूनच दूध घालते, याच काळपट जर्किनात. भर दुपारी, हातभर अंतरावर, तुम्ही स्वतःच्या हातानं मला हार दिलेत, तरी मी दिसले नाही. मग अंधार पडताना धावत्या ट्रकमधून बबन कसा दिसावा?"

तिनं हारांचा ढीग टेबलावर ठेवला. साहेबांनी जॅकेटं तिथल्या तिथं मंजूर केली.

त्याचं मला एवढं नवल नाही. मी पहिल्याच रांगेत बसून अख्खा सत्कार उघड्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि ती बोलेपर्यंत स्टेजवर सरूबाई आहे हे मलाही दिसलं नव्हतं.