तांब्याच्या घंगाळात धुतलेलं पाणगवत

फार जुनी गोष्ट आहे. ज्या गावात ती घडली त्या गावाला नाव होतं, पण आता ते कुणाला आठवत नाही.

त्या गावात एक तांबट राहत होता. त्याच्या भांड्यांवर ठोके असे एकसारखे उमटत, की गावात सोयरीक ठरली की लोक आधी त्याच्याकडे येत आणि मग भटजींकडे जात. त्याला एकुलती एक लेक होती. ती तापानं गेली. मागे राहिली अंगणातली दगडी डोणी, आणि त्या डोणीत लेकीनं ओढ्यातून ओंजळीनं आणून सोडलेले झिंगे. इवलेसे, काचेसारखे आरपार.

लेक होती तोवर डोणीत पाणगवत दाट होतं. झिंगा कात टाकतो तेव्हा त्याचं अंग लोण्यासारखं मऊ होतं आणि तो गवतात दडून बसतो. लेक गेली, घराचं भान गेलं, गवत कुजलं. उघड्या पाण्यात मऊ झिंग्यांना त्यांचेच भाऊबंद खाऊ लागले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तांबट डोणीपाशी वाकला. तळाशी मोजकेच झिंगे उरले होते.

"हे गेले तर पोरीचं जितंजागतं काय उरलं?" तो बायकोला म्हणाला, आणि तळ्यावर जाऊन पाणगवताचा भारा घेऊन आला.

"लगेच नका सोडू हो," बायको म्हणाली. "पोर नवं गवत आधी मातीच्या भांड्यात वेगळं ठेवायची. पाणी बदलत राहायची. पंधरवडा गेला की एक काडी डोणीत टाकून बघायची, मग बाकीचं."

"तोवर श्राद्ध होऊन जाईल."

"जाऊ दे. झिंग्यांना तिथी कळत नाही."

तांबटाला ते लागलं. "आणि तांबटाच्या घरात मातीचं भांडं? तांब्यातलं पाणी देवाला चालतं. गवतातून आलेली जळू असो, किडा असो, तांब्यापुढे काही टिकत नाही."

त्यानं नवं घंगाळ घडवायला घेतलं. शेजारचा कासार कुंपणावरून म्हणाला, "झिंग्यांचं लग्न काढलंस की काय? आमच्या पोरींच्या वाट्याला असलं घंगाळ कधी आलं नाही."

"लेकीला लग्नात द्यायचं राहिलं होतं," तांबट म्हणाला. कासार आत गेला.

घंगाळ झालं. तांबटानं ते चिंचेनं लखलखीत घासलं. बायको दारात उभी होती.

"कल्हई?"

"कल्हई केली तर तांब्याचा गुण पाण्यात उतरेल कसा?"

"गिऱ्हाइकाला सांगता, कल्हईवाचून ताक ठेवू नका, तांबं उतरून कळकेल, बाधेल."

"ताक आंबट असतं. हे पाणी आहे. तू मला तांबं शिकवतेस?"



रात्रभर गवत घंगाळात भिजलं. सकाळी तांबटानं ते डोणीत लावलं, आणि वरून घंगाळातलं पाणीही ओतलं. शुद्ध पाणी वाया कशाला घालवायचं?

डोणी हिरवीगार झाली. झिंगे पाण्यात गरगर फिरू लागले, काठापर्यंत उसळू लागले. तांबटाच्या चेहऱ्यावर वर्षानं हसू आलं. "बघ, कसे खेळतात."

बायकोनं वाकून पाहिलं. "खेळत नाहीत ते. बाहेर पडायला वाट शोधतायत."

तांबटानं घाईघाईनं गवत उपसलं, आडाचं पाणी आणून ओतलं. पण तांब्याचा गुण उतरायचा तो उतरला होता. दिवस कलला तसे झिंगे एकेक करून तळाशी आडवे झाले. आरपार दिसणारी अंगं दुधाळ होत गेली.

"मी चांगल्यासाठीच केलं," तांबट म्हणाला.

"हो," बायको म्हणाली. "त्यांना काय मानवतं ते मी सांगत होते. तुम्ही तुम्हाला काय येतं ते सांगत होतात."

उपसताना दगडाला चिकटून राहिलेलं थोडं गवत मात्र पुढं फोफावलं. वाटेनं जाणारे थांबून म्हणत, "डोणी किती छान राखलीय." तांबट मान हलवी. त्या हिरव्या पाण्यात हलणारं काही नव्हतं.

लहानांनो, आणि लहानांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: माया करणाऱ्यानं आपल्याजवळचं उत्तम ते देऊ नये, घेणाऱ्याला सोसेल ते द्यावं.