पाटीची मोजणी

घाटाखालच्या वळणापुढे बानूबाई खिलारेचं भजी-चहाचं हॉटेल होतं. पण रस्त्याकडेला वेडी बाभूळ अशी माजली, की हॉटेलची पाटी दिसेना आणि गाड्या थांबेनात. बानूबाईने कोयता उचलला, तसे रस्ते खात्याचे कानडेसाहेब गरजले, "सरकारी झाड आहे. फांदीला हात लावलास तर खटला भरीन!"

महिन्याभराने साहेब पुन्हा उगवले. "तुझी पाटी सरकारी हद्दीत आहे. उपटून टाक."

"हद्दीत असली तर आत्ता उपटते, साहेब. पण एकदा दगडापासून मोजा तरी."

हद्दीचा दगड बाभळीत गडप झालेला. साहेब इरेला पेटले. मजूर बोलावून त्यांनी पार वळणापर्यंतची झाडी साफ करवली, तेव्हा कुठे दगड सापडला. टेप लावली, तर पाटी चांगली हातभर बानूबाईच्याच रानात!

"हे तुला ठाऊक होतं?" साहेब लालबुंद झाले.

"होतं की. खांब मीच रोवलाय."

"मग आधी का नाही बोललीस?"

तेवढ्यात वळणावरून पाटी बघून एक ट्रक थांबला. बानूबाईने चहाचा कप साहेबांपुढे सरकवला.

"बाभूळ मी तोडली की खटला होतो, साहेब, आणि तुम्ही तोडली की मोजणी. म्हणून गप्प बसले."